गुंठा, आर आणि अक्षांश : नकाशाचा संदर्भ बदलताना नेमकं काय बदलतं?

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, हे नकाशाचं सॉफ्टवेअर मध्येच कुठून आलं? निवृत्तीनंतर आम्ही चार-पाच जण सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जुन्या विहिरी, घाट, पुराच्या खुणा नोंदवायला लागलो. त्या नोंदी संगणकावर चढवताना जे प्रश्न पुढे आले ते आम्हांला फार ओळखीचे वाटले. वस्तू आणि तिचं नाव, मोजमाप आणि मोजली जाणारी गोष्ट, यांतला फरक काय, हेच तर आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो. फरक एवढाच, की वर्गात चूक झाली तर दोन मार्क जायचे. इथे बांध जातो, किंवा पूररेषा घराच्या अलीकडची पलीकडे जाते.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. अठराव्या शतकातलं दगडी बांधकाम. ती विहीर बांधल्यापासून जागची हललेली नाही. पण तिच्या जागेचे आकडे विचारले तर निदान चार उत्तरं मिळतात. फोन एक अक्षांश-रेखांश देतो. जुनी टोपोशीट दुसरा देते, आणि तो फोनशी जुळत नाही. नवा नकाशा मीटरमधले दोन लांबलचक आकडे देतो. गावनकाशावर तर आकडाच नाही, नुसता गट नंबर. गंमत अशी, की ही चारही उत्तरं बरोबर असू शकतात. आकडा एकटा कधीच जागा सांगत नाही, कुठून आणि कशाने मोजला ते बरोबर असावं लागतं. वैशेषिकांनी दिक् हे द्रव्य एकच मानलं, आणि पूर्व-पश्चिम हे भेद उपाधीमुळे होतात असं म्हटलं. नकाशाच्या आकड्याची ही जी उपाधी आहे, तिला सॉफ्टवेअरमध्ये सीआरएस म्हणतात, आपण तिला संदर्भ-प्रणाली म्हणू. तिच्यात दोन गोष्टी येतात. पृथ्वीचा आकार कोणता मानला आणि तो कुठे टेकवला, हा झाला डेटम. आणि तो गोल आकार सपाट कागदावर कोणत्या रीतीने उतरवला, हे झालं प्रक्षेपण.

आता मूळ मुद्दा, आणि तो आम्ही गुंठ्यांत सांगतो.

समजा तुमच्याकडे शेतांच्या क्षेत्राचा एक तक्ता आहे. रकान्याच्या डोक्यावर लिहिलंय ‘गुंठे’, आणि खाली चाळीस, वीस, साठ असे आकडे. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, म्हणून कोणीतरी म्हणतं, हा तक्ता आरमध्ये करा. आता दोन कामं शक्य आहेत. एक, प्रत्येक आकड्याला १.०१२ ने गुणायचं आणि मग डोक्यावर ‘आर’ लिहायचं. चाळीस गुंठ्यांचे ४०.४७ आर होतात. दुसरं काम म्हणजे आकड्यांना हात न लावता नुसतं डोक्यावरचं ‘गुंठे’ खोडून ‘आर’ लिहायचं. पहिल्यात जमीन तेवढीच राहते, आकडे बदलतात. दुसऱ्यात आकडे तेवढेच राहतात आणि जमीन बदलते. एकरामागे सत्तेचाळीस चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फूट गायब. सांगलीत तेवढ्यात दोन खोल्या होतात.

पण थांबा, दुसरं काम नेहमीच चूक असतं असं नाही. आकडे मुळात आरमध्येच होते आणि टंकलिखित करणाऱ्याने डोक्यावर चुकून ‘गुंठे’ लिहिलं होतं, तर नुसतं शीर्षक बदलणं हेच बरोबर. त्या वेळी गुणाकार केला तर तो चुकीचा ठरेल.

नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच दोन कामं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असतात, आणि दोन्हींच्या नावांत तेच शब्द येतात. क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत ‘सेट लेयर सीआरएस’ म्हणजे शीर्षक बदलणं. ‘रिप्रोजेक्ट लेयर’, किंवा नवी प्रत साठवताना दुसरी प्रणाली निवडणं, म्हणजे गुणाकार करून नवा तक्ता बनवणं. याशिवाय तिसरी एक गोष्ट आहे. खाली उजव्या कोपऱ्यात जी प्रणाली दिसते ती प्रकल्पाची, म्हणजे पडद्यावर दाखवण्यापुरती. ती बदलली की चित्र ताणल्यासारखं दिसतं, पण फाइलमधले आकडे तसेच राहतात. मुलं हमखास इथे फसतात. कोपऱ्यातली प्रणाली बदलली, नकाशा बदलल्यासारखा दिसला, झालं काम म्हणून फाइल पुढे पाठवली. फाइल आहे तशीच आहे. चष्मा बदलला म्हणून समोरचा माणूस बदलत नाही.

या चुकांमध्ये एक विचित्र न्याय आहे. मोठी चूक निरुपद्रवी असते, कारण ती लगेच दिसते. साताऱ्याचे अक्षांश-रेखांश साधारण १७.६८ आणि ७४.००. त्यांची अदलाबदल करा, म्हणजे ७४ अक्षांश आणि १७.६८ रेखांश, की सातारा नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर आयलंडच्या शेजारी जाऊन पडतो. अंशांमधल्या आकड्यांना ‘हे मीटर आहेत’ असं शीर्षक दिलं तर सातारा मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर, भर समुद्रात. आणि नुसता तिथे जात नाही, तर अख्खा सातारा जिल्हा, महाबळेश्वरपासून माणदेशापर्यंत, दीड मीटरच्या सतरंजीवर मावतो. हसू येतं आणि चूक दुरुस्त होते. १७ अंश ४१ मिनिटं हे १७.४१ असं लिहिलं तर विहीर तीस किलोमीटर दक्षिणेला, उंब्रजच्या बाजूला सरकते. हीसुद्धा कोणाच्या तरी लक्षात येते. पण जी चूक शंभर मीटरची असते, किंवा दहा टक्क्यांची, ती कोणाला दिसत नाही. विहीर लिंबमध्येच दिसते, फक्त शेजाऱ्याच्या शेतात. गुंठा आणि आर यांचं तेच आहे. ते इतके जवळचे आहेत म्हणूनच तिथे घोटाळा होतो, एकर आणि हेक्टरमध्ये सहसा होत नाही.

शंभर मीटरची ही चूक येते कुठून? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ साखळीने एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचत रचत तो उत्तरेकडे निघाला. हे काम करता करताच १८२३ साली तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. कधी नागपूरकडे गेलात तर जरूर थांबा. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं आणि १८३० मध्ये पृथ्वीचा एक आकार ठरवला. ध्रुवांकडे किंचित चपटा गोल, म्हणजे गोलाभ. हा गोलाभ सगळ्या जगासाठी नव्हता. भारताच्या पृष्ठभागावर तो नीट बसावा एवढीच अपेक्षा होती. मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूर या ठिकाणी तो जमिनीशी बांधला. शिंप्याने एका माणसाच्या अंगावर मापून शिवलेला सदरा समजा. त्या माणसाला उत्तम बसतो, पण त्याच्यावरून गावातल्या सगळ्यांची मापं काढता येत नाहीत.

उपग्रहांना असा सदरा चालेना. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतो, त्याला एका देशाच्या सोयीचं केंद्र कसं चालेल? म्हणून सगळ्या जगासाठी एक गोलाभ ठरला, डब्ल्यूजीएस ८४. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. एव्हरेस्टची ६३,७७,२७६ मीटर. भारतात पुढे वापरली गेलेली किंमत ६३,७७,३०१ मीटर. या दोन एव्हरेस्टांमधला पंचवीस मीटरचा फरक पृथ्वीमुळे पडलेला नाही, तो फुटांचे मीटर करताना कोणता फूट धरला यावरून पडला आहे. म्हणजे गुंठा आणि आरचाच थोरला भाऊ! शिवाय दोन्ही गोलाभांची केंद्रं एकमेकांपासून आठशे मीटरहून जास्त लांब आहेत. आकार वेगळा, केंद्र वेगळं, तर एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश वेगळे येणारच. आपल्या भागात हा फरक जमिनीवर शंभर-दीडशे मीटरच्या घरात जातो.

तुम्ही म्हणाल, निदान रेखांशाचा शून्य तरी पक्का असेल. आपल्याकडे ज्योतिर्गणितात मध्यरेखा उज्जयिनीवरून जायची. १८८४ च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिच ठरलं. पण आज ग्रिनिचच्या वेधशाळेत जमिनीवर आखलेल्या त्या प्रसिद्ध रेषेवर फोन घेऊन उभं राहिलात तर रेखांश शून्य दिसत नाही. उपग्रहाचा शून्य तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, शेजारच्या बागेतून जातो. जुनी रेषा आकाशाचे वेध आणि तिथल्या ओळंब्यावर ठरली होती, आणि ओळंबा नेमका पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेला नसतो. रेषा आखणारे लोक चुकले नव्हते. संदर्भ बदलला.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या गोलाभावर आणि बहुशंकू, म्हणजे पॉलिकॉनिक प्रक्षेपणात आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या. नागरिकांसाठीची खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएम प्रक्षेपणात, आणि संरक्षण दलांसाठीची वेगळी. म्हणजे तुमच्या हातात जुनी ‘४७’ क्रमांकाची शीट असेल तर तिच्या कडेवरचे अक्षांश एव्हरेस्टचे आहेत. ती स्कॅन करून चार कोपऱ्यांचे आकडे टाकताना सॉफ्टवेअर विचारतं, हे कोणत्या प्रणालीत? तिथे सवयीने डब्ल्यूजीएस ८४ निवडलं, की शीटवरच्या सगळ्या विहिरी, देवळं, ओढे एकसाथ शंभर-दीडशे मीटर सरकतात. एकसाथ सरकतात म्हणून आपापसांत सगळं जुळलेलं दिसतं. ओढ्यावर पूल आहे, पुलाला रस्ता मिळतो, कुठे काही खटकत नाही. उपग्रहाचं छायाचित्र खाली घातल्याशिवाय कळत नाही. मग काही जण काय करतात? शीट हाताने ढकलून छायाचित्रावर बसवतात. आजार तसाच आणि ताप तेवढा उतरवला. दुसऱ्या टोकाला ती पुन्हा सुटते.

योग्य रीत अशी, की शीटला तिचं खरं शीर्षक द्यायचं, कल्याणपूर १९७५ किंवा जे लागू असेल ते, आणि मग रूपांतर करायचं. इथे सॉफ्टवेअर कधी कधी एक खिडकी उघडून चार-पाच रूपांतरांची यादी देतं. पुष्कळ लोक पहिलं दिसेल त्यावर टिचकी मारतात. ती यादी वाचा. प्रत्येकापुढे ते कोणत्या प्रदेशासाठी आहे आणि किती अचूक आहे हे लिहिलेलं असतं. एव्हरेस्टचा गोलाभ पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, थायलंड इथेही वापरला गेला, त्यामुळे नावं सारखी दिसतात. भारतासाठीच्या प्रचलित रूपांतराची अचूकता सुमारे वीस मीटर आहे. म्हणजे शंभर-दीडशे मीटरची चूक वीसवर येते, शून्यावर नाही. पन्नास हजारांत एक अशा नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर, तेव्हा टोपोशीटकडून याहून जास्त मागणंही बरं नव्हे. ओढा शोधायला ठीक आहे, बांध ठरवायला नाही.

आता प्रक्षेपण. गोलाचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही हे गाऊसने १८२७ साली सिद्ध केलं. मोसंबं सोलणाऱ्याला ते सिद्धतेशिवायही माहीत असतं. म्हणून प्रत्येक सपाट नकाशा काहीतरी सोडून देतो. आकार राखला तर क्षेत्र जातं, क्षेत्र राखलं तर आकार जातो. कोणता नकाशा खरा, हा प्रश्न त्यामुळे अपुरा आहे. कशासाठी हवा, हे आधी सांगावं लागतं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना सोयीचं प्रक्षेपण म्हणजे यूटीएमचा ४३ वा पट्टा. ७२ ते ७८ अंश रेखांशांमधला, मधली रेषा ७५ वर. ७८ च्या पूर्वेचा विदर्भ ४४ व्या पट्ट्यात जातो, म्हणजे महाराष्ट्र एका पट्ट्यात मावत नाही, पण सातारा आणि सांगली पूर्ण मावतात. सॉफ्टवेअरमध्ये याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. या प्रणालीत सातारा म्हणजे पूर्वेचा आकडा सुमारे ३ लाख ९४ हजार मीटर, उत्तरेचा सुमारे १९ लाख ५५ हजार. सांगली म्हणजे ४ लाख ५५ हजार आणि १८ लाख ६३ हजार. वजाबाकी करा, ६१ किलोमीटर आणि ९२ किलोमीटर येतात. शाळेतला पायथागोरस लावा, सरळ अंतर ११० किलोमीटर. हीच वजाबाकी अंशांत करून पायथागोरस लावला तर उत्तर येतं १.०१. कसले १.०१? उत्तर-दक्षिण अंश साधारण ११०.६ किलोमीटरचा, पूर्व-पश्चिम अंश आपल्याकडे १०६ चा. दोन वेगळ्या मापांचे वर्ग मिळवल्यावर जे येतं त्याला एककच नाही. अंशांतल्या फाइलवर थेट क्षेत्रफळ काढलं की एक एकर म्हणजे ०.००००००३४ सारखा काहीतरी आकडा, तो याच कारणाने. अर्थात हा आकडा पाहून कोणी फसत नाही.

फसवणारा वेगळा आहे. फोनवर आणि संकेतस्थळांवर आपण जे नकाशे बोटाने सरकवतो ते वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात, क्रमांक ३८५७. त्याचे आकडे मीटरमध्ये असतात. मीटर दिसले की विश्वास बसतो! पण ते मीटर फक्त विषुववृत्तावर खरे. जसजसं उत्तरेला जावं तसतसे फुगतात. ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आपल्या १७ अंशांवर काय होतं हे कोणी सांगत नाही. लांबी साधारण पाच टक्के फुगते आणि क्षेत्र दहा टक्के. तासगावच्या एखाद्या द्राक्षबागेची हद्द या प्रणालीत काढून सपाट गणिताने क्षेत्र मागितलं, तर चाळीस गुंठ्यांची बाग चव्वेचाळीस गुंठ्यांची दिसते. शंभर मीटरच्या ओळीला एकशेपाच मीटर ठिबकची नळी लागेल असं दिसतं. चार गुंठे अशक्य वाटत नाहीत. वाटणीच्या बैठकीत चार गुंठ्यांवरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत, आणि इथे ते चार गुंठे मुळात अस्तित्वातच नसतात. कोणी कोणाची जमीन खाल्लेली नाही, गोल सपाट करताना पडलेली ती सुरकुती आहे.

यूटीएमही निर्दोष नाही. मधल्या रेषेवर ते मुद्दाम हजारास चार दशांश मीटर आखूड धरतात, म्हणजे कडेला फार फुगू नये. सांगलीत किलोमीटरमागे साधारण ३७ सेंटिमीटर कमी येतात, साताऱ्यात २६. एकरामागे गुंठ्याच्या तीन शतांशांएवढा फरक. तेवढ्यावर भांडायला उमेद लागते. आणि तोही नको असेल तर सॉफ्टवेअरला ‘गोलाभावरून मोज’ असं सांगता येतं. क्यूजीआयएसमध्ये प्रकल्पाच्या गुणधर्मांत गोलाभ निवडायची जागा आहे, ती रिकामी ठेवू नका.

बहुशंकूबद्दल एवढंच सांगतो, की त्यात प्रत्येक शीट स्वतःच्या मध्यरेषेवर बेतलेली असते. एकटी शीट सुरेख, पुष्कळ शेजारी जोडत गेलं की कडा नेमक्या जुळत नाहीत. सातारकरांचं दुर्दैव असं, की ७४ रेखांशाची शिवण शहराच्या अंगावरूनच जाते. पश्चिमेकडचा भाग ४७ जी मध्ये, पूर्वेकडचा ४७ के मध्ये. सांगली निवांत ४७ एल च्या पोटात.

गावनकाशांची गोष्ट निराळीच आहे. मुंबई इलाख्याची मोजणी तेहतीस फुटी साखळीने झाली. साखळीचे सोळा आणे, आणि एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा. आपला गुंठा १०८९ चौरस फुटांचा आहे तो या साखळीमुळे. या नकाशांना अक्षांश नाही, डेटम नाही, प्रक्षेपण नाही. त्यांचा संदर्भ म्हणजे बांध, हद्दीचे दगड, तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर हे निव्वळ परस्परसंबंधांचं ज्ञान आहे. हा दगड त्या दगडापासून अमुक साखळ्या, बाकी जग कुठेही असो. आणि तसं ते पूर्ण आहे. असा नकाशा उपग्रहचित्रावर बसवायला घेतलात की सॉफ्टवेअर त्याची प्रणाली विचारणार. त्याला प्रामाणिक उत्तर नाही. तिथे शेतात जाऊन जुने दगड शोधावे लागतात, त्यांच्यावर चांगलं यंत्र ठेवून आकडे घ्यावे लागतात, आणि त्या खुणांवर नकाशा ताणून बसवावा लागतो. घरी बसून रस्त्याच्या वळणावर बसवलेला गावनकाशा देखणा दिसतो, पण ते वळण साठ वर्षांपूर्वी तिथे होतं का हे कोण सांगणार?

आतापर्यंत आडवं बोललो. सांगलीकरांसाठी उभा संदर्भ जास्त महत्त्वाचा, आणि तो जास्त दुर्लक्षित.

आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं. हे फूट कुठून मोजलेले? त्या पुलाच्या मोजपट्टीच्या शून्यापासून. समुद्राशी त्यांचा थेट संबंध नाही. वरच्या अंगाला कराडच्या मोजपट्टीचे फूट आणि सांगलीचे फूट यांची वजाबाकी करून नदीचा उतार काढता येत नाही, कारण दोन शून्यं वेगळी आहेत. दुसरीकडे धरणाच्या पातळ्या समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगतात. अलमट्टीची पूर्ण जलपातळी ५१९.६० मीटर, आणि ती ५२४.२५६ पर्यंत नेण्यावरून चाललेला वाद तुम्हांला ठाऊक आहे. भारतात समुद्रसपाटी म्हणजे मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून १९०९ साली पक्की केलेली पातळी. आणि तिसरा शून्य उपग्रहाचा. जीपीएस मुळात उंची मोजतं ती डब्ल्यूजीएस ८४ च्या गोलाभापासून, आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या गोलाभाच्या सत्तर मीटरच्या आसपास खाली आहे. काही ॲप हा फरक वजा करून दाखवतात, काही तसाच दाखवतात.

याचा परिणाम बघा. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. कोणी फोनच्या कच्च्या उंचीने तक्ता केला तर सांगली ४८० मीटरवर येते. आता तो तक्ता अलमट्टीच्या ५१९.६० शेजारी ठेवा. सांगली धरणाच्या पातळीच्या चाळीस मीटर खाली! सभेत हा कागद फडकवला तर काय होईल सांगा. अलमट्टीच्या फुगवट्याचा सांगलीच्या पुराशी संबंध किती, हा जलशास्त्राचा गंभीर प्रश्न आहे, आणि आज आम्ही त्यात पडत नाही. पण तो प्रश्न विचारण्याआधी दोन्ही उंच्या एका शून्यावर आणल्या पाहिजेत. नाहीतर आपण फुटांतून गुंठे वजा करत बसू. निळ्या आणि लाल पूररेषेचंही तेच. पंचवीस वर्षांतल्या आणि शंभर वर्षांतल्या पुराच्या या रेषा पाण्याच्या उंचीवरून ठरतात, पण नकाशावर आडव्या उतरतात. कृष्णाकाठच्या सपाट जमिनीत उभी अर्ध्या मीटरची चूक आडवी काही शे मीटर होऊ शकते, आणि त्यावर बांधकामाची परवानगी अवलंबून असते.

वेळेचाही एक संदर्भ असतो, तो थोडक्यात. जमीन हलते हे पाटणच्या लोकांना १९६७ नंतर सांगायला नको, पण हे हलणं निराळं. भारताचा भूखंड वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. वीस वर्षांत एक मीटर. लिंबची विहीर हललेली नाही असं आम्ही सुरुवातीला म्हणालो ते साताऱ्याच्या मानाने. उपग्रहाच्या चौकटीत ती सरकते आहे, आणि तिच्याबरोबर अख्खा जिल्हा. शेजारच्या शेतापासूनचं अंतर तेवढंच राहतं. फोनच्या मोजणीला याचा पत्ता लागत नाही. पण आता ड्रोनने आणि कायम बसवलेल्या उपग्रह-केंद्रांच्या आधाराने गावठाणांची मोजणी काही सेंटिमीटरपर्यंत होते. अशा मोजणीवर तारीख नसेल तर काही वर्षांनी दोन चोख मोजण्या एकमेकींशी भांडतील.

वेळ होत आलाय, आलेले प्रश्न घेतो.

पहिला प्रश्न, फोन दशांशानंतर सहा आकडे दाखवतो, म्हणजे तो दहा सेंटिमीटर अचूक नाही का? नाही. सहावा आकडा म्हणजे अकरा सेंटिमीटर हे खरं, पण लिहिण्याची बारकाई आणि मोजण्याची अचूकता या वेगळ्या गोष्टी आहेत. मोकळ्या आकाशाखाली फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरा असतो. पुढचे आकडे तो लिहितो, कारण त्याला लिहिता येतात.

दुसरा, एका गृहस्थांनी विचारलंय, की फोनवरच्या नकाशात शेजाऱ्याचं अतिक्रमण स्पष्ट दिसतं, तो कागद चालेल का? अहो, तो कागद घेऊन शेजाऱ्याकडेसुद्धा जाऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. त्यांचा माणूस येऊन खुणा दाखवेल, नकाशाची ‘क’ प्रत मिळेल, तिच्यावर आक्षेप असेल तर अपील आहे. फोनच्या चित्रातली रेघ कोणत्या संदर्भातली होती हेच कोणी सांगू शकत नाही, मग ती खोटी ठरवता येत नाही आणि खरीही.

शेवटचा प्रश्न चांगला आहे. आमच्याकडे जुन्या फाइली आहेत, संदर्भ-प्रणाली कुठे लिहिलेलीच नाही, काय करायचं? आधी आकडे वाचा. ७४ आणि १७ च्या आसपास असतील तर अंश. सहा आणि सात अंकी, चार लाख आणि अठरा-एकोणीस लाख असे असतील तर बहुधा यूटीएम. पूर्वेचा आकडा ८२-८३ लाख असेल तर तो वेब मर्केटर. अंश असतील तर एव्हरेस्ट की डब्ल्यूजीएस, हे आकडा बघून कळत नाही. तिथे न हलणाऱ्या दोन जागा घ्या, एक अजिंक्यताऱ्यावरची आणि एक आयर्विन पुलाची, मूळ फाइलच्या प्रतीवर एकेक शीर्षक लावून बघा आणि पूल पुलावर पडतो का ते तपासा. दोन्ही टोकांना जुळलं तर ते शीर्षक ठेवा आणि तारखेसह लिहून ठेवा. एका टोकाला जुळलं आणि दुसऱ्या टोकाला सुटलं, तर कोणीतरी तो नकाशा हाताने ढकलून बसवलेला आहे. मग शीर्षकं लावत बसू नका, ती फाइल ज्याने केली त्या माणसाला आधी फोन करा.